प्रवाळांच्या टाकीत अपघात झाला की: काय धावत करायचं आणि काय सावकाश

८ जुलै २०२४ ला पहाटे बेरिल चक्रीवादळ टेक्ससच्या किनाऱ्याला धडकलं. ह्यूस्टन आणि आसपासच्या भागात २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि वादळ ओसरल्यावर जो उकाडा सुरू झाला तो आमच्यासाठी वादळापेक्षा वाईट होता. आमच्या घरी वीज यायला साडेतीन दिवस लागले. दिवाणखान्यात ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात ४ मासे, २ कोळंब्या आणि २३ प्रवाळं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचं तापमान ३०.८ अंश सेल्सिअस झालं होतं आणि मी टाकीशेजारी जमिनीवर बसून तांब्याने पाणी काढत होते, वरून ओतत होते.

तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला. आमची चौकशी करून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, मासे मरतील हे कळतं. पण पोवळी म्हणजे दगडच ना? दगडाला उकाड्याचं काय?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. त्याच वर्षी १५ एप्रिलला अमेरिकेच्या नोआ या सागरी आणि हवामान संस्थेने जाहीर केलं होतं की जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन सुरू आहे. आधीची तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळातली. त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळंही पांढरी पडली. बातम्यांत 'विरंजन' शब्द येतो, पांढऱ्याफटक झाडांसारखे फोटो येतात, पण आत नेमकं काय बिघडतं ते कुणी सांगत नाही. काचेच्या टाकीत हीच घटना छोट्या प्रमाणावर आणि फार वेगाने घडते. हीटर अडकतो, पंप बंद पडतो, आणि समुद्रात जे आठवड्यांत होतं ते टाकीत एका रात्रीत होतं. म्हणून टाकीच्या निमित्ताने हे सगळं सांगते.

दगडाच्या आत कोण राहतं

प्रवाळ हा प्राणी आहे. तांदळाच्या दाण्यापासून बोराएवढे असंख्य छोटे जीव शेजारी-शेजारी चिकटून राहतात. प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती मिशांसारखे तंतू. ते पाण्यातला चुना घेऊन स्वतःखाली सांगाडा बांधत जातात. आपण ज्याला दगड म्हणतो तो हा सांगाडा, आणि जिवंत प्राणी म्हणजे त्यावरचा पातळ, जवळपास पारदर्शक थर.

या थराच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये ती लाखोंनी असतात. आपल्याकडे जमीन बटईने द्यायची पद्धत आहे, तसा हा व्यवहार समजा. जमीन आणि खत प्रवाळाचं: राहायला जागा, श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि शरीरातला टाकाऊ नायट्रोजन. राबतं शैवाल, तेही उन्हावर. फरक इतकाच की इथे मालकाला निम्म्याहून कितीतरी जास्त पीक मिळतं. अनेक प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या शैवालाकडून येते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंगही बराचसा शैवालाचाच.

पाणी जास्त तापलं आणि वर प्रखर उजेड असला की शैवालाची अन्न बनवायची यंत्रणा बिघडते आणि साखरेबरोबर घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होऊ लागतात. मालकाच्याच घरात विष साठायला लागतं. मग प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. रंग जातो, पारदर्शक थरातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात.

पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. ते उपाशी असतं. त्याचं शरीर अजून सांगाड्यावर आहे, तोंडं आहेत, अंगात थोडी शिदोरी आहे. समुद्रातही पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. हा फरक ज्याला कळला तो पांढरं प्रवाळ बघून ते उचलून फेकणार नाही. माझ्या ओळखीच्या तिघांनी तरी जिवंत प्रवाळं अशी फेकून दिली आहेत.

विहीर आणि पातेलं

समुद्र ही विहीर आहे, टाकी हे शेगडीवरचं पातेलं. विहिरीचं पाणी दुपारी आणि पहाटे जवळजवळ सारखंच लागतं. पातेल्याला पाच मिनिटं पुरतात. प्रवाळ विहिरीत वाढलेला जीव आहे. एखाद्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याची जी सरासरी असते, तिच्या फक्त १ अंश वर पाणी गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की विरंजनाचा धोका सुरू होतो. १ अंश. आपल्याला तो कातडीवर कळतही नाही.

बहुतेक प्रवाळ-टाक्या २४ ते २७ अंशांत, दर हजारी ३५ खारटपणावर ठेवतात. पण या आकड्यांपेक्षा मला बदलाचा वेग महत्त्वाचा वाटतो. एखादी टाकी वर्षानुवर्षं २७.५ अंशांवर छान चालते, आणि दुसरी २४ वरून एका रात्रीत २७.५ ला गेली तर कोसळते. दोन्हींत शेवटचा आकडा तोच.

इथेच नवख्या माणसाचा घात होतो. अपघात लक्षात आला की जीव वर-खाली होतो आणि आकडा पुन्हा होता तिथे आणायची घाई होते. खारटपणा उतरलाय? घाला मीठ. पाणी गारठलंय? लावा दोन हीटर. म्हणजे आधीच एक धक्का बसलेल्या प्राण्याला उलट दिशेने दुसरा धक्का. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससमध्ये ४५ लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली, तेव्हा आमची टाकी १७ अंशांवर उतरली होती. वीज आल्याबरोबर मी दोन मोठे हीटर लावले, वर गरम केलेलं खारं पाणी ओतलं आणि सकाळपर्यंत २५ अंश करून दाखवले. थंडीतून जिवंत निघालेली माझी ५ फांद्यांची प्रवाळं पुढच्या दोन दिवसांत सोलून निघाली. ती थंडीने गेली असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. आज मला वाटतं, ती माझ्या घाईने गेली.

तेव्हापासून मी प्रत्येक अपघाताला एकच प्रश्न विचारते: हे धावत करायचं काम आहे, की सावकाश करायचं? धावत करायच्या गोष्टी तीनच आहेत. माणसाला लागू शकणारा विजेचा धक्का, प्राणवायू आणि विष. बाकी सगळं सावकाश.

विजेचं आधी सांगून टाकते. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. टाकीत काही फुटलं, सांडलं, विचित्र वास आला, तर हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. प्लगच्या आधी वायरला खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि विजेची गळती झाल्याबरोबर वीजप्रवाह तोडणारा आरसीसीबी घरात असलाच पाहिजे. यात तडजोड नको.

हीटर: इस्त्रीसारखा, पण पाण्यात

साध्या हीटरच्या आत इस्त्रीसारखीच दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकते, वीज तुटते. निवली की पुन्हा जुळते. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. कधीतरी तिथे ठिणगीने धातू वितळून एकमेकांना चिकटतात आणि मग हीटर बंदच होत नाही. हीटर सहसा असाच दगा देतो, आणि बहुतेक वेळा रात्री.

थोडा हिशोब करू. ३०० लिटर खारं पाणी १ अंशाने तापवायला ३०० वॉटच्या हीटरला साधारण ७० मिनिटं लागतात. तुम्ही ११ ला झोपलात आणि ७ ला उठलात तर खोलीत निसटणारी उष्णता वजा करूनही ४-५ अंशांची वाढ सहज होते. आता त्याऐवजी १५० वॉटचे दोन हीटर लावले आहेत असं धरा. एक अडकला, तर दुसरा आपोआप बंद राहील, आणि अडकलेला एकटा त्याच वेळात दोनेक अंशांच्या पुढे फारसा जाऊ शकणार नाही. एक बंद पडला तरी दुसरा टाकी अगदी गारठू देणार नाही. खर्च जवळपास तोच. या छंदात इतकी स्वस्त विमा-पॉलिसी दुसरी नाही. हीटर बाहेरच्या वेगळ्या थर्मोस्टॅटवरून चालवला तर आणखी चांगलं, कारण मग दोन यंत्रं एकाच वेळी बिघडावी लागतात.

सकाळी उठून पाणी ३१ अंश दिसलं तर? हीटर काढा, दिवे बंद करा. दिवे बंद करणं लोक विसरतात, पण मघाशी पाहिलं तसं विष उष्णता आणि उजेड दोघांच्या भागीदारीतून तयार होतं. त्यातला एक भागीदार तुमच्या बटणावर आहे. मग पाणी हळूहळू निवू द्या, तासाला अर्धा-एक अंश. त्यासाठी बर्फाच्या मागे धावू नका. १ लिटरची गोठवलेली बाटली ३०० लिटर पाणी जेमतेम एक तृतीयांश अंशाने उतरवते. उलट १ लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर जवळपास २ अंशांइतकी उष्णता घेऊन जातं. माठ याच हिशोबावर चालतो. म्हणून टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडणं हा बर्फापेक्षा खूप चांगला उपाय. दमट हवेत तो कमी चालतो; मे महिन्यात मुंबईत माठ जितपत चालतो तितपतच. बेरिलच्या वेळी बॅटरीवरच्या एका छोट्या पंख्याने माझं पाणी ३०.८ वरून रात्रीपर्यंत २९.६ वर आणलं. कमी वाटतं, पण तेवढ्याने काम झालं.

वीज गेली की पहिलं काय संपतं?

बहुतेकांना वाटतं तापमान. नाही, प्राणवायू संपतो.

१ लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंशांच्या १ लिटर खाऱ्या पाण्यात जेमतेम ७ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे माझ्या पूर्ण टाकीत, पाणी काठोकाठ संपृक्त असताना, एकूण २ ग्रॅम. त्या २ ग्रॅमवर मासे, कोळंब्या, प्रवाळं आणि खडकांतले अब्जावधी जीवाणू जगतात. पंप चालू असेपर्यंत पृष्ठभाग ढवळला जातो आणि वरून भर पडत राहते. पंप थांबला की भर थांबते. अंधारात शैवालही प्राणवायू सोडत नाही, उलट घेतं. पाणी तापलेलं असेल तर मुळातच कमी मावतो. खच्चून भरलेल्या टाकीत मासे काही तासांत वर येऊन तोंड उघड-मीट करू लागतात.

हे धावत करायचं काम आहे. बॅटरीवर चालणारा छोटा हवा-पंप घरात नसेल तर स्टीलचा तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी भरून हात उंच करून ओता, टपरीवरचा चहावाला करतो तसं. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं. हात दुखतो, पण मासे जगतात. माशांना खायला घालू नका. अन्न कुजलं की तेही प्राणवायू खातं.

इन्व्हर्टर असलेल्या घरांसाठी एक हिशोब. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १८०० वॉट-तास असतात. बॅटरी जपायची तर त्यातले निम्मे, म्हणजे ९०० वापरावेत. १० वॉटचा पाणी ढवळणारा पंप लावला, इन्व्हर्टर स्वतः जे खातो तेही धरलं, तरी दीड दिवस आरामात निघतो. त्याच बॅटरीवर ३०० वॉटचा हीटर लावला तर तीन तासही नाही. म्हणून क्रम असा: आधी पाणी ढवळणं, मग काही उरलं तर तापमान. थंड देशात टाकीला चहूबाजूंनी रजया गुंडाळा, वरची बाजू मात्र थोडी उघडी ठेवा.

पंप थांबल्यावर आणखी एक घात होतो. अनेक टाक्यांच्या खाली कपाटात दुसरी टाकी असते. गाळणीची सगळी यंत्रं तिथे असतात आणि एक पंप तिथलं पाणी सतत वर चढवतो. वीज गेली की वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली येतं, जोवर पाइपाचं वरचं तोंड पाण्याबाहेर येत नाही तोवर. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पाण्याचा १ सेंटिमीटर थर म्हणजे ४ लिटर. पाइपाचं तोंड पृष्ठभागाखाली ८ सेंटिमीटर बुडवून ठेवलं असेल तर ३२ लिटर खाली येणार. खाली तेवढी जागा नसेल तर उरलेलं फरशीवर. तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा, आणि मुद्दाम प्लग काढून एकदा बघा, किती येतं ते. हा प्रयोग टाकीत पाणी भरल्याच्या पहिल्याच दिवशी करायचा असतो.

मिठागराचा नियम

मुलुंड-भांडुपची किंवा उरणची मिठागरं पाहिलेल्या माणसाला हा भाग लगेच कळेल. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. माझ्या टाकीतून रोज साधारण ३ लिटर पाणी उडतं. ते गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्याने भरलं नाही तर खारटपणा चढत जातो. यासाठी एक छोटा आपोआप भरणारा पंप असतो: पातळी उतरली की तरंगतं बटण त्याला चालू करतं, पातळी आली की बंद. बटणावर गोगलगाय बसली, मिठाची खपली धरली, की पंप थांबतच नाही.

समजा २० लिटर गोडं पाणी जास्तीचं आत गेलं. खारटपणा ३५ वरून ३२.८ वर येईल. घाबरून मीठ ओतायच्या आधी विचार करा: मीठ कुठे गेलंय का? काही सांडलं नसेल तर सगळं मीठ टाकीतच आहे, फक्त पाणी जास्त झालंय. भरणारा पंप बंद ठेवा. रोज ३ लिटर उडून आठवड्याभरात ते जास्तीचं पाणी आपोआप जाईल आणि खारटपणा अगदी सावकाश ३५ वर येईल. काहीही न करणं हाच इथे उत्तम इलाज आहे, आणि तोच करायला सर्वांत अवघड जातो. खारं पाणी फरशीवर सांडलं असेल तर मात्र मीठ खरंच गेलंय. मग रोज उडणाऱ्या पाण्याच्या जागी काही दिवस गोड्याऐवजी खारं पाणी भरायचं. तोही वेग प्रवाळाला झेपणारा आहे.

आणि हा पंप जिच्यातून पाणी घेतो ती गोड्या पाण्याची बादली फार मोठी ठेवू नका. बटण बिघडणार आहे असं धरूनच बादली निवडायची. २० लिटरची असेल तर नुकसान ३२.८ ला थांबतं. १०० लिटरचं पिंप जोडून सुट्टीवर गेलात तर २६ पर्यंत, आणि तिथून प्रवाळं परत येत नाहीत.

चुन्याची निवळी

प्रवाळ पाण्यातून चुना घेतं, म्हणून तो परत द्यावा लागतो. त्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे चुन्याची निवळी, तीच, आजीच्या घरातली. भिजवलेल्या चुन्यावरचं स्वच्छ पाणी. ती अतिशय दाहक असते. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ असतो, समुद्राचा ८.१ च्या आसपास. थेंब-थेंब गेली तर अमृत. भरणाऱ्या पंपातून ती जात असेल आणि पंप अडकला, तर टाकी दुधासारखी पांढरी होते.

अशा वेळी पंपाची वीज तोडा, खिडक्या उघडून पृष्ठभागावर जोरात हवा खेळवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरून पीएच खाली आणतो. पांढरा गढूळपणा म्हणजे बहुतांशी चुन्याचे कण; ते बसतात किंवा गाळले जातात.

याच्याशी जोडलेला एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवावा लागतो: अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद. ती डीकेएच या एककात मोजतात, टाकीत ८-९ ठीक. ती वाढवायला साधा खायचा सोडाही चालतो, पण प्रमाण बघा: ३०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला फक्त ९ ग्रॅम, दोनेक चहाचे चमचे. दिवसाला १ पेक्षा जास्त वाढवू नये. म्हणजे हाताने औषध मोजताना एक जास्तीचा चमचा हाही अपघातच असतो. जास्त पडलाच तर आम्ल घालून उतरवायचा मोह टाळा. देणं थांबवा, प्रवाळं स्वतःच काही दिवसांत ते वापरतील.

विष: इथे घाई करायचीच

तांबं हे बिनकण्याच्या सागरी जीवांसाठी विष आहे. माशांच्या औषधांत ते असतं, म्हणून आजारी माशाचं औषध प्रवाळांच्या टाकीत कधीही घालायचं नाही. पंपाच्या लोहचुंबकावरचं प्लास्टिक फुटलं की गंज आणि धातू पाण्यात उतरतात. डासांचा किंवा झुरळांचा फवारा खोलीत मारला तर तो हवा-पंपातून सरळ टाकीत जातो आणि आधी कोळंब्या मरतात. कोळंब्या अचानक मेल्या आणि मासे ठीक असले तर मी प्रथम याच दिशेने शोधते.

इथे सावकाशपणा कामाचा नाही. विषाचा स्रोत काढा, ताजा सक्रिय कोळसा लावा, आणि आधीपासून कालवून, हवा देऊन, त्याच तापमानाला आणून ठेवलेलं खारं पाणी असेल तर निम्मी टाकी बदला. ते पाणी तयार नसेल तर ऐनवेळी घाईत कालवलेलं, मीठ पुरतं न विरघळलेलं पाणी घालू नका. म्हणून घरात ६०-७० लिटर खारं पाणी कायम तयार ठेवावं. आमच्याकडे ते कपड्यांच्या मशीनशेजारी पिंपात असतं.

आणखी एक विष माणसासाठी आहे. बटणांसारखी दिसणारी, फुलांच्या गालिच्यासारखी पसरणारी झोअँथिड नावाची मंडळी खूप लोकप्रिय आहेत. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. अपघातानंतर टाकी साफ करताना असे खडक उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडे घासू नका. वाफेतून ते फुप्फुसात जातं आणि अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना खोलीबाहेर ठेवा.

"पण सगळं पाणी बदललं तर?"

हा प्रश्न नेहमी येतो. विषाची वेळ सोडली तर माझं उत्तर 'नको' असंच आहे. एकदम सगळं पाणी बदलणं म्हणजे तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी सगळ्यांना एकदम हात घालणं. पाचवा हिस्सा बदला, दोन दिवस थांबा, मोजा, मग पुन्हा ठरवा.

"मोबाइलवर सूचना देणारी यंत्रं आली आहेत, मग काळजी कसली?" यंत्रं चांगली आहेत, माझ्याकडेही आहे. पण त्याचा तापमानाचा सेन्सर एकदा पाण्याबाहेर पडला होता. पाणी थंड आहे असं समजून यंत्राने हीटर चालू ठेवला. म्हणून टाकीच्या काचेवर साधा थर्मामीटर चिकटवलेला असतो, आणि रोज सकाळी चहा घेताना मी तो बघते.

"मग हे प्राणी समुद्रातून ओरबाडून आणायचेच कशाला?" हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझी बहुतेक प्रवाळं दुसऱ्या टाक्यांतल्या प्रवाळांचे तुकडे आहेत. फांदी तोडून लावावी तशी ती वाढतात. टाक्यांत शिकलेलं समुद्राच्या कामीही येतं. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या मॅनटी बे या उथळ खाडीत पाण्याचं तापमान ३८.४ अंश नोंदलं गेलं. त्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या संस्थांनी हजारो प्रवाळं समुद्रातून काढून जमिनीवरच्या टाक्यांत आणून वाचवली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात चंद्राच्या कला आणि ऋतूंचं तापमान कृत्रिमरीत्या जुळवून टाकीत प्रवाळांचं प्रजनन घडवलं गेलं. ही कामं पंप, हीटर आणि खारटपणा सांभाळता येणाऱ्या माणसांनी केली.

भारतातल्या वाचकांना मात्र स्पष्ट सांगते: तिथे खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. ती गोळा करणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. मुंबईत किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही आधी वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तोंडावर मुखवटा लावून पाण्यात उतरलात की ती जिथे असायला हवीत तिथेच दिसतात. त्यांच्यावर पाय ठेवू नका, एवढंच.

पांढरं पडलं, आता पुढे?

आधी जिवंत आहे का बघा. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्चच्या मंद उजेडात तंतू बाहेर आलेले दिसले तर जिवंत. सांगाड्यावर हिरवं-तपकिरी लव धरलेलं असेल तर तेवढा भाग गेला. मांस कडेपासून सोलून वेगाने वर सरकत असेल, तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. निरोगी फांदी दोन बोटं वरून तोडून वेगळी लावावी. जिवंत भाग वाचवायचा तोच मार्ग उरतो.

वीज परतली की दिवे एकदम पूर्ण लावू नका. तिसऱ्या हिश्शावर सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. पेशींत शैवाल नाही, सावली नाही, आणि तुम्ही त्याला भर उन्हात उभं करताय. पाण्याचा प्रवाह मध्यम ठेवा. आणि भरवा. शैवाल परत येईपर्यंत प्रवाळाला तोंडाने खावं लागणार. मी कोळंबीचा बारीक चुरा पाण्यात कालवून ड्रॉपरने आठवड्यातून तीनदा, एकेका तोंडाशी, प्रवाह बंद करून द्यायचे. एक घास गिळायला त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

बेरिलनंतर माझी ६ प्रवाळं पांढरी पडली होती. दोन गेली. चार राहिली. त्यांतलं एक, तळहाताएवढं, सप्टेंबरभर तसंच पांढरं होतं. ऑक्टोबरमध्ये दिवाळीसाठी आई आली तेव्हा त्याच्या सावलीकडच्या बाजूला फिकट तपकिरी छटा दिसायला लागली होती. मी तिला टॉर्च दिला आणि दिवे घालवले. तासाभराने तिने काचेला नाक लावून बघितलं. तंतू बाहेर आले होते. ड्रॉपर तिच्या हातात होता. तिने चुरा सोडला, आणि एकेक तोंड मिटेपर्यंत ती तिथून हलली नाही.